चुन्याच्या डबीतलं मीठ

"ज्या दिवशी या देहात मीठ जायचं थांबेल, त्या दिवशी या देहात मीही राहणार नाही," असं मी डॉक्टर सुनंदा मगदूम यांच्या दवाखान्यात ताडकन उभं राहून जाहीर केलं.

जाहीर करण्यात काही चूक नव्हती. उभं राहण्यात होती. माझ्या दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा बांधलेला होता, पट्ट्याला रबरी नळी होती आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला पाऱ्याचं जड यंत्र होतं. मी उठलो तसं तेही उठलं. टेबलाच्या कडेवरून खाली निघालेलं ते यंत्र डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हातांनी झेललं.

"काका, बसा," त्या म्हणाल्या. "पारा सांडला तर तो वेचण्यात माझी दुपार जाईल."

मी बसलो. शेजारच्या खुर्चीत अक्का मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. मिरजेच्या मुलींच्या शाळेत तिनं जन्म काढला, शेवटची काही वर्षं मुख्याध्यापिका म्हणून. लग्न तिनं केलं नाही, मीही केलं नाही. लोक म्हणत, एकमेकांची सोय पाहिली. खरं म्हणजे आमच्या घरात तिसऱ्या माणसाला बोलायला फट मिळाली नसती. डॉक्टर सुनंदा ही अक्काचीच विद्यार्थिनी. पुढं ती मोठी डॉक्टर झाली, पण अक्का दवाखान्यात शिरली की अजूनही खुर्चीवरून अर्धी उठायची.

"सुनंदा, त्याला समजेल असं सांग," अक्का म्हणाली. "सोप्या भाषेत. तो लेखक आहे."

"सांगते, बाई." सुनंदानं यंत्र पुन्हा टेबलावर ठेवलं, या वेळी भिंतीकडच्या बाजूला. "काका, काकडीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं, पाहिलंय ना? मीठ जिथं असेल तिकडं पाणी ओढलं जातं. तुम्ही मीठ जास्त खाल्लं की ते रक्तात पाणी धरून ठेवतं. नळ्या तेवढ्याच, पाणी जास्त. मग दाब वाढतो."

"आमच्या गल्लीतही नळ्या तेवढ्याच आहेत," मी म्हणालो. "दाब मात्र माझ्या हयातीत वाढलेला नाही. नगरपालिकेला तुमच्याकडे पाठवू का?"

सुनंदा हसली. अक्का हसली नाही. माझ्या विनोदाला हसायचं नाही, हा तिचा फार जुना नियम होता. मी तेव्हा सांगलीच्या एका दैनिकात दर रविवारी 'चिमूटभर' नावाचं सदर लिहीत असे. अख्खा जिल्हा हसायचा. अक्का वाचून घडी घालायची आणि म्हणायची, "ओढूनताणून आहे."

"मूत्रपिंडं जास्तीचं मीठ बाहेर टाकतात," सुनंदा पुढं म्हणाली. "तुमची आता कंटाळलीत. जेवणातलं मीठ अर्ध्यावर आणा. पापड, लोणचं, भडंग बंद. आणि ही गोळी रोज."

"माझ्या पायांना सूज यायची तेव्हा तू पाण्याची गोळी दिलीस, तीच का ही?" अक्कानं विचारलं.

"नाही बाई, तुमची वेगळी. ती जास्तीचं मीठ आणि पाणी लघवीवाटे काढून टाकते. ती तुम्ही चालू ठेवा. काकांची ही नळ्या सैल करणारी."

"याच्या नळ्या आधीच सैल आहेत," अक्का म्हणाली आणि उठली.

रिक्षात मी तिला सांगून टाकलं. माझी जीभ मी कुणाला गहाण टाकणार नाही. मंत्र्यांनी सांगून ऐकलं नाही, संपादकांनी सांगून ऐकलं नाही, आता काकडीचं उदाहरण देऊन ऐकेन असं कुणी समजू नये.

"बरं," अक्का म्हणाली.

अक्काचं 'बरं' ऐकून तिच्या शाळेतल्या मुली रडायला लागायच्या, असं मी ऐकून होतो.

घरी गेल्यावर मिठाची बरणी तिच्या कपाटात गेली. कपाटाला कुलूप, किल्ली तिच्या कमरेला. दुपारी ताटात वरण आलं. पिवळं, वाफाळतं, वर तुपाची धार. मी पहिला घास घेतला आणि गिळला. ते वरण होतं, एवढंच त्याच्याबद्दल सांगता येईल.

"यात मीठ नाही."

"अर्धं आहे."

"मग ते अर्धं कुठल्या अर्ध्यात आहे?"

"जेव."

संध्याकाळी मी बाजारात जाऊन एक चुन्याची डबी घेतली. तंबाखूवाले वापरतात तसली, ॲल्युमिनियमची, नवी कोरी. तिच्यात बारीक मीठ भरलं आणि ती बंडीच्या आतल्या खिशात, काळजाच्या बाजूला ठेवली. रात्रीच्या जेवणात अक्का पोळी आणायला आत वळली की झाकण उघडायचं, दोन बोटं, आमटीवर एक झटका, झाकण बंद. माझ्या हाताला इतकी सफाई आली की मला वाटलं, लेखनात उगाच आयुष्य घालवलं.

घराबाहेरही डबी लागायला लागली. मिरजेतल्या निम्म्या स्वयंपाकघरांत अक्काच्या विद्यार्थिनी होत्या. मी कुठंही जेवायला गेलो की माझं ताट वेगळं यायचं. एका मुंजीत चारशे पानांत माझ्या एकट्याच्या भाजीला चव नव्हती. वाढणारी बाई म्हणाली, "बाईंचा निरोप आहे." मी खाली वाकून धोतराचा सोगा नीट केला आणि भाजीला चव आली.

मग महिनाभरानं एके दिवशी अक्कानं कपाट उघडलं, मिठाची बरणी आणून माझ्या पानासमोर ठेवली आणि बाजूला कैरीच्या लोणच्याचा सट.

"घे," ती म्हणाली. "खा हवं तेवढं."

मी तिच्याकडे बघत राहिलो. अक्का हरली असं या घरात आजवर झालं नव्हतं, त्यामुळं ते दिसतं कसं हे मला माहीत नव्हतं.

"म्हणजे तू माघार घेतलीस?"

"मी काही घेतलं नाही. तू घे."

मी घेतलं. त्या रविवारी 'चिमूटभर'मध्ये मी मिठावर लिहिलं. जुलमी राजवटी कशा मुदपाकखान्यापासून सुरू होतात, आणि एक निःशस्त्र नागरिक नुसत्या वरणाच्या वाटीवर त्या कशा उलथून टाकू शकतो, असा तो लेख होता. वाचकांची पत्रं आली. जयसिंगपूरच्या एका सद्गृहस्थानं पाठिंबा म्हणून भडंगाची मोठी पिशवी पाठवली. मी ती अक्कासमोर बसून संपवली.

त्याच आठवड्यात आषाढी एकादशी झाली. दुसऱ्या दिवशी पारण्याला बसलो तर अक्कानं स्वतःसाठी वेगळ्या पातेलीतून भात घेतला, वेगळं वरण घेतलं.

"हे काय?"

"माझा नेम आहे. चातुर्मासात मीठ सोडलंय. कार्तिकीपर्यंत अळणी."

आमच्याकडे बायका चातुर्मासात काहीतरी सोडतात. कुणी वांगं सोडतं, कुणी कांदा-लसूण, आमची एक मावशी चहा सोडायची आणि चार महिने कॉफी प्यायची. मीठ सोडणं मात्र अवघड समजलं जातं. अक्कानं याआधी कधी सोडलं नव्हतं.

"हे मला खिजवायला," मी म्हणालो.

"तुझा काय संबंध? नेम माझा आहे."

पण मला डाव कळला. शिक्षिकेचा डाव होता तो. वर्ग ऐकत नाही म्हटल्यावर स्वतः अंगठे धरून उभं राहायचं, म्हणजे वर्गाला लाज वाटते. मी या वर्गात बसणारा नव्हतो. ती माझ्यासमोर अळणी भात खायची, मी तिच्यासमोर लोणच्याची फोड चाटून खायचो. तिच्या घशाखाली तो भात उतरायचा नाही. मग घासागणिक घोटभर पाणी. सकाळी उठल्याउठल्या तांब्याच्या भांड्यातलं पाणी ती पूर्वीपासून प्यायची, आता त्यात जेवणातल्या पाण्याची भर पडली. तोंडात पाणी, पानात पाणी, आणि सकाळी देवपूजेनंतर ती पाण्याची गोळी. गोळी तिनं कधी चुकवली नाही. मला माझी गोळीही तीच चहाबरोबर हातात द्यायची, आणि गिळून होईपर्यंत समोर उभी राहायची.

श्रावण गेला, गणपती गेले. सुनंदानं माझा दाब मोजला आणि पाऱ्याकडे दोनदा पाहिलं.

"छान उतरलाय, काका. सोडलंत तर मीठ."

"चिमूटभरसुद्धा नाही," मी अभिमानानं म्हणालो. "उलट वाढवलंय."

"मग गोळी फारच चांगली लागू पडली म्हणायची. तरी मीठ कमी करा. गोळीनं तुमच्यासाठी किती भांडायचं?"

अक्का छताकडे बघत होती. ज्यांना आतली बातमी असते ती माणसं सभेत बसतात तशी.

नवरात्र संपलं आणि ऊन तापायला लागलं. अक्काचं डोकं दुखायचं. उठताना ती भिंतीला हात लावायची. मी विचारलं की म्हणायची, "ऊन आहे." एकदा चहात साखर घालायची राहिली, एकदा साखर दोनदा पडली. मी त्यावरही एक लेख लिहिला. म्हणजे ऊन हा विषय घेऊन.

मग तो मंगळवार आला. मी दाढी करत होतो. अक्का दारात खुर्ची टाकून पेपर वाचत होती.

"पद्या," ती म्हणाली, "आज छान लिहिलंयस रे."

माझ्या हातातलं पातं गालावरच थांबलं.

"काय म्हणालीस?"

"फार छान लिहिलंयस. गटारांवरचं तर विशेष आवडलं."

मी तसाच अर्ध्या गालाला साबण लावून बाहेर आलो. माझं सदर रविवारी यायचं. तिच्या हातात नगरपालिकेच्या निविदांचं पान होतं. तिचा चेहरा मोकळा, प्रसन्न होता, आणि ती माझ्याकडे बघून हसत होती. माझ्या लिखाणाला. आयुष्यात पहिल्यांदा.

मी इतका घाबरलो नव्हतो कधी. तिला रिक्षात घातलं आणि दवाखाना गाठला. वाटेत ती म्हणाली, "घंटा झाली का?" मी म्हटलं, "झाली." ती म्हणाली, "मग मुलींना सोड." मी म्हटलं, "सोडल्या."

सुनंदानं रक्त तपासायला पाठवलं. अहवाल आल्यावर तिनं मला खोलीबाहेर बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. माझ्या गालावरच्या साबणाचे तोवर वाळून पापुद्रे झाले होते.

"बाईंचं सोडियम फार खाली गेलंय, काका. सोडियम म्हणजे मिठातलं मुख्य जे काही, ते. बाई मीठ खात नाहीत?"

"चातुर्मासाचा नेम आहे."

"आणि पाणी?"

"घासागणिक."

"पायाच्या सुजेची ती गोळी?"

"रोज. शाळेच्या घंटेसारखी."

सुनंदानं डोळे मिटले. "म्हणजे आत मीठ येत नाही. आहे ते गोळी बाहेर काढतेय. आणि वरून पाणी ओतणं चालूच. रक्त पातळ होत गेलं. रक्तात मीठ कमी झालं की पाणी तिथं थांबत नाही, पेशींत शिरतं. पेशी फुगतात. बाकी अंगात एक वेळ चालतं. मेंदू फुगला तर त्याला कवटीत जागा कुठंय?"

"बरी होईल ना?"

"होतील. पण हळूहळू वाढवायला लागेल. घाईनं वाढवलं तर त्याचीच इजा होते. गोळी बंद, पाणी मोजून, शिरेतून थोडं थोडं मीठ." मग ती माझ्याकडे वळली. ती माझ्याशी त्या स्वरात त्याआधी कधी बोलली नव्हती. "काका, मी मीठ अर्धं करा म्हटलं होतं. तुमच्या घरात ज्यानं कमी करायचं तो दुप्पट खातोय आणि जिला गरज होती तिनं साफ सोडलंय. अर्धं म्हणून काही असतं, हे तुम्हा दोघांना कुणी शिकवलंच नाही का?"

"शाळेत नव्हतं," मी म्हणालो. पण कुणी हसलं नाही.

पुढचे दिवस मी खाटेशेजारी स्टुलावर काढले. अक्का कधी मला ओळखायची, कधी शिपाई समजून खडू आणायला पाठवायची. मी जाऊन यायचो. मग एका सकाळी मी बसलो होतो आणि तिनं डोळे उघडून माझ्याकडे जरा वेळ निरखून पाहिलं.

"तो उन्हावरचा लेख," ती म्हणाली. "ओढूनताणून होता."

मी धावत जाऊन सुनंदाला सांगितलं, "अक्का शुद्धीवर आली."

इथं ही गोष्ट संपायला हवी होती. माणूस बरं झालं, घरी गेलं. पण आमच्या घरातली माणसं बरी झाली की जास्त त्रास देतात.

दुपारी तिच्यासाठी मऊ भाताची पेज आली. अक्कानं चमचा ओठांना लावला आणि वाटी बाजूला सारली.

"मीठ आहे यात."

"असणारच, बाई," सुनंदा म्हणाली. "तुम्हाला आता खायला लागेल."

"कार्तिकीनंतर."

"बाई, चार दिवस तुम्हाला शिरेतून मीठच चाललंय."

"ते औषध. जिभेला कळत नाही त्याला खाणं म्हणत नाहीत, सुनंदा."

"देवाला हे चालतं?"

"देव कायद्यानं चालतो. तुझ्यासारखा नाही, एका गोळीवर दुसरी."

सुनंदा खाटेच्या कडेवर बसली. "बाई, स्पष्ट सांगते. घरी जाऊन असंच अळणी खाल्लंत, त्याच्यावर पाणी पीत राहिलात, तर पुन्हा इथं याल. या खेपेला काकांच्या लक्षात आलं. पुढच्या खेपेला आणेपर्यंत तुम्ही असालच असं मी सांगू शकत नाही."

"तू तुझं काम केलंस," अक्का म्हणाली. "माझं मला करू दे."

मग माझा तोल गेला. "कसलं काम? मला धडा शिकवायचा होता, झाला शिकवून. मी शिकलो नाही, तो भाग वेगळा. आता पुरे कर. मरायला निघालीस ती कुणाला खिजवायला?"

अक्कानं माझ्याकडे असं पाहिलं की मला उगाच उभं राहावंसं वाटलं. आणि मी राहिलोही.

"तुला खिजवायला मी मीठ सोडीन?" ती म्हणाली. "तेवढ्यासाठी वांगं पुरलं असतं."

"मग?"

"तू सोडणार नाहीस हे मला त्या दिवशीच कळलं. ते यंत्र टेबलावरून चाललं होतं ना, तेव्हा. मग कुणीतरी सोडायला हवं होतं." तिनं पांघरुणाची कड सरळ केली. "संकल्पात तुझं नाव घातलंय. गोत्रासकट. मीठ मी सोडते, दाब याचा उतरू दे. आणि उतरला की नाही?"

पलीकडच्या खाटेवरच्या म्हातारबाईंनी कण्हणं थांबवलं.

"बाई, तो गोळ्यांनी उतरला," सुनंदा हळूच म्हणाली.

"गोळ्या आधी महिनाभर होत्याच की. तेव्हा नाही उतरला."

"गोळीला वेळ लागतो."

"नेमालाही लागतो. आता लागू पडलाय आणि मध्येच सोडू? कार्तिकीला जेमतेम पंधरवडा आहे."

मी पुन्हा स्टुलावर बसलो. माझ्याकडे युक्तिवाद पुष्कळ होते. नवस-नेमांवर मी इतकी वर्षं इतकं लिहिलं होतं की त्यातलं कुठलंही वाक्य काढून मी त्या खाटेवर मारू शकलो असतो. मीठ मी खाल्लं, दाब माझा, आणि उपास तिचा. देव हिशेब लावणार तरी कसा, असं विचारता आलं असतं. तिनं मलाच गोत्रासकट उत्तर दिलं असतं. तर्क तिच्यापुढं चालत नव्हता, सुनंदाचं शास्त्र चालत नव्हतं. तिच्यापुढं आजवर एकच गोष्ट चाललेली मी पाहिली होती. शाळेचे नियम.

"अक्का," मी म्हणालो, "तुझ्या शाळेत एखादी बाई आजारी पडली तर वर्ग बंद ठेवायचीस?"

"मुळीच नाही. बदली शिक्षक पाठवायचे."

"मग नेमाला बदली चालते का?"

तिनं प्रश्न मनात उलटून पाहिला. नियम आहे की नाही, हे तपासताना ती नेहमी वरच्या ओठावर खालचा ओठ दाबायची.

"बदली शिक्षक त्याच विषयाचा लागतो," ती शेवटी म्हणाली.

"विषय मीठ आहे. मिरजेत माझ्याइतका त्या विषयाचा माणूस कोण आहे?"

"तू सोडशील?"

"कार्तिकीपर्यंत. तुझ्या जागी. तुझा नेम मोडायचा नाही, फक्त माणूस बदलायचा. पण एक सांगून ठेवतो. मी डॉक्टरला भिऊन सोडत नाही आणि देवावर माझा विश्वास नाही."

"ते देवाला सांग. मला कशाला सांगतोस?" ती उशीवर सरकून बसली. खाटेवरची अक्का गेली आणि मुख्याध्यापिका आली. "सुनंदा, पाणी आण. पळीभर."

"बाई, तुमचं पाणी मोजून आहे."

"ते पिण्याचं. हे सोडायचं आहे. माझ्या कोट्यातलं वजा कर हवं तर."

सुनंदानं औषधाच्या मापात पाणी आणलं. मला वाटलं होतं, हात पुढं करावा, दोन शब्द बोलावेत, झालं. पण अक्कानं बोट वर केलं.

"थांब. पापड?"

"पापडात मीठ असतं का?"

"पद्या."

"सोडला."

"लोणचं. भडंग. फरसाण."

"सोडलं. पण सैंधव? सैंधव उपासाला चालतं, अक्का. देवाला चालतं म्हणजे..."

"तेही मीठच," सुनंदा म्हणाली. "देवाला चालत असेल. नळ्यांना कळत नाही."

"सोडलं," मी म्हणालो. सुनंदाकडे वळून विचारलं, "माझं काय होईल? मलाही निविदा आवडायला लागतील?"

"नाही. तुम्हाला पाण्याची गोळी नाही, आणि दूध, भाज्या, भाकरी यांत निसर्गाचं थोडं असतंच. तरी दर चार दिवसांनी येऊन दाखवा. आणि कार्तिकीनंतर अर्धं. लक्षात आहे ना? अर्धं."

"उजवा हात," अक्का म्हणाली. "डावा नव्हे. लिहितोस तो."

मी उजवा तळहात पुढं केला. सुनंदानं त्यात पाणी ओतलं. दारात परिचारिका येऊन उभी राहिली, तिच्यामागं झाडूवाली. पलीकडच्या म्हातारबाईंनी हात जोडले.

मी घसा साफ केला. आता बोलायचंच आहे तर नीट बोलावं, असं मला वाटलं.

"मी, पद्माकर हुपरीकर," मी म्हणालो, "या मिरज शहरात, कुठल्याही डॉक्टरला न भिता आणि कुठल्याही देवाला न लाजता, आजपासून कार्तिकीपर्यंत मीठ वर्ज्य करतो. या जिभेनं आजवर कुणापुढं हार मानलेली नाही, आजही मानत नाही. ही माझी शरणागती नाही. ज्या बाईनं मला न विचारता माझं दुखणं आपल्या पानात वाढून घेतलं, तिच्याकडून मी ते जबरदस्तीनं परत घेतो आहे. माझा दाब माझा आहे. तो चढला तर माझ्यासाठी चढेल, उतरला तर माझ्यामुळं उतरेल. यापुढं या घरात माझ्या वाटणीचं कुणी उपाशी राहायचं नाही."

आणि मी पाणी सोडलं. ते सुनंदाच्या चपलेवर पडलं, पण ती हलली नाही. तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. परिचारिका नाक ओढत होती. म्हातारबाई म्हणाल्या, "कोण गं हे? कीर्तनकार?"

अक्का माझ्याकडे बघत होती. आयुष्यभर तिनं माझं लिखाण वाचून घडी घातली होती. मी वाट पाहिली, आता तरी काही म्हणेल. तिनं पेजेची वाटी जवळ ओढली, चमचा भरला, तोंडात घेतला आणि बराच वेळ घोळवत राहिली. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिनं गिळलं. अजून एक घास घेतला.

"मिळमिळीत आहे," ती म्हणाली. "मीठ घालताना यांचा हात आखडतो. पद्या, तुझ्या बंडीच्या आतल्या खिशातली ती डबी दे जरा इकडे."